तलाई, नागवी, दिवगरी

वाडीत सुपारी वाळत घातली होती.

किरकुकच्या छावणीत एप्रिल महिन्यात दोनशे बारा मजूर हजर होते.

टीपकागद ओला झाला की त्याचा लगदा होतो, आणि तो नखात गेला की काडीनंच काढावा लागतो.

"जाफ : मेंढपाळ. उन्हाळ्यात डोंगर चढतात. दिल्या शब्दाला जागतात."

अलिबागच्या वाचनालयात सत्काराची शाल येऊन पडली होती. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

आनंदीबाईंचं माहेर तळ्याचं.

"तलाई : चोरीस प्रवृत्त. शक्यतो कामावर ठेवू नयेत."

*

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, हे नागावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला ते सांगायचं नव्हतं.

हरेश्वर चौलकर. गाव त्यांना अण्णा म्हणे. लढाईच्या काळात दोन वर्षं इराकात पलटणीची कारकुनी केली, बाकी सगळी उमर शाळेत गेली. १९६३ च्या दिवाळीनंतर त्यांच्या नावानं मुंबईहून पार्सल आलं. मुंबईत एक मंडळ मराठीत मोठा ज्ञानसंग्रह काढत होतं, जगातल्या यच्चयावत गोष्टींचा, अ पासून ज्ञ पर्यंत. त्याचे संपादक दिनानाथ वैद्य यांना कुणाकडून तरी कळलं होतं की कुलाबा जिल्ह्यात एक मास्तर आहे, आणि त्यानं कुर्द माणसं डोळ्यांनी पाहिली आहेत. पत्रात लिहिलं होतं : 'कुर्द' या विषयावर सहाशे शब्दांची नोंद द्यावी. त्यांच्या पोटशाखांची नावं अवश्य यावीत. नोंदीखाली आपलं नाव छापलं जाईल. संदर्भासाठी एक इंग्रजी पुस्तिका सोबत पाठवत आहोत, ती काम झाल्यावर परत करावी.

त्यांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, ही बातमी दुपारपर्यंत चार वाड्यांत पोचवली. आठवड्याभरात अलिबागच्या वाचनालयानं ठरवूनही टाकलं की खंड आला की गुरुजींचा सत्कार करायचा.

अण्णांनी पुस्तिका उघडली. कुणा मेजरनं १९४४ साली छापलेली. 'कुर्द जमाती : अधिकाऱ्यांसाठी टिपणे.' पान त्रेसष्टवर यादी होती. जाफ, हमावंद, झंगना, दाऊदी. प्रत्येकापुढे एकदोन ओळी, बैलबाजारात दलाल सांगतो तशा. आणि मग :

"नागवी : आळशी, पण आज्ञाधारक.

दिवगरी : देखणे, उथळ.

तलाई : चोरीस प्रवृत्त. शक्यतो कामावर ठेवू नयेत."

पहिली चार नावं खरी होती. शेवटची तीन अण्णांनी स्वतः केली होती. १९४२ च्या मार्चात, एका दुपारी, तंबूत बसून.

*

रकाना पाचवा

हजेरीचं रजिस्टर हिंदुस्थानातून छापून आलेलं होतं. पहिला रकाना क्रमांक, दुसरा नाव, तिसरा बापाचं नाव, चौथा गाव, पाचवा जात व पोटजात. खेचरांसाठी वेगळं रजिस्टर होतं. त्याला चारच रकाने होते.

रस्त्याच्या कामाला कुर्द मजूर घेतले, त्यांची रांग अण्णांच्या टेबलापुढे लागली. कुणी म्हणाला जाफ, कुणी म्हणाला हमावंद. अण्णा लिहीत गेले. मग लतीफ आला. पलटणीच्या कँटीनमध्ये भांडी घासता घासता तो हिंदुस्तानी शिकला होता, त्यामुळे दुभाषाची गरज नव्हती.

"जात?"

"कुर्द."

"ते झालं. त्यात कोण?"

"त्यात लतीफ."

रांग हसली. अण्णा हसले नाहीत. "असं नसतं. प्रत्येकाच्या आत काहीतरी असतं."

"असतं ना," लतीफ म्हणाला. "तुर्कानं विचारलं तर मी कुर्द. दुसऱ्या खोऱ्यातल्या कुर्दानं विचारलं तर मी अमक्या गावचा. गाववाल्यानं विचारलं तर मी अमक्याचा पोरगा. तू कोण विचारणारा ते आधी सांग, बाबूजी, म्हणजे मी कोण ते सांगतो."

अण्णांना त्या वेळी मजाच वाटली. त्यांनी सांगितलं. धर्म. जात. जातीतली पोटजात. गोत्र. कुलदैवत. गाव. गावातली आळी. आळीतली वाडी. बोटांवर मोजता मोजता एक हात संपला आणि दुसरा लागला. लतीफ ऐकत राहिला, आणि मग मागच्यांना त्यानं त्यांच्या भाषेत ते सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले.

"एका घराला इतकी कुलपं, बाबूजी? आत आहे तरी काय चोरण्यासारखं?"

दोनशे बारांपैकी एक्केचाळीस जण लतीफसारखेच निघाले. कुर्द, बस्स. रकाना एक्केचाळीस वेळा रिकामा राहिला. संध्याकाळी हेडक्लार्कनं रजिस्टर खाटेवर आपटलं.

"चौलकर, हे काय? रिकामा रकाना म्हणजे उद्या साहेब मला विचारणार, आणि मी तुला."

"ते सांगतच नाहीत, साहेब."

"सांगत नाहीत म्हणजे नसते काय? शोध आणि भर."

दुसरा कुणी असता तर त्यानं रेघ मारली असती. आडवी, सरळ, एक्केचाळीस वेळा. अण्णांना ते सुचलंच नाही. ज्याच्या जातीच्या आत दुसरी जात नाही असा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना खरोखर वाटलं की ही माणसं लपवतायत, आणि आपण नुसती मदत करतोय.

त्या एक्केचाळिसांचे तंबू तीन ओळींत होते. पंपाजवळच्या ओळीत पंधरा, मधल्या ओळीत चौदा, टेकडीच्या अंगाला बारा. अण्णांना घर सोडून सात महिने झाले होते. त्यांनी पंपाजवळच्यांना आपल्या नागावावरून नागवी म्हटलं. मधल्यांना बायकोच्या माहेरावरून, तळ्यावरून, तलाई. टेकडीकडच्यांना मामाच्या गावावरून, दिवेआगरावरून, दिवगरी. सुबक अक्षरात, शाई जपून, एक्केचाळीस नावांपुढे लिहून काढलं.

लिहिताना बरं वाटलं होतं. घरी जाऊन आल्यासारखं. एकवीस वर्षांनी ओसरीवर बसून आठवताना त्यांना याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली, त्या बरं वाटण्याची.

*

चार दिवस ते ताटावर बसत आणि दोन घास चिवडून उठत. पाचव्या दिवशी नीराबाई कोळीण पाटी घेऊन मागीलदारी आली.

"अण्णा, नाव छापून येनार म्हनं तुमचा! आमाला पन दाखवा हां. वाचता येत न्हाय, पन बघता येतं."

"यांना काय झालंय ते तूच विचार बाई," आनंदीबाई म्हणाल्या. "अन्नावरची वासनाच उडालीय."

"कुर्द म्हंजी कोन वो? दर्यावर जातात काय आमच्यासारं?"

"डोंगरातले आहेत," अण्णा म्हणाले.

"म्हंजी मासली खात न्हाय." नीराबाईनं पाटीतल्या हलवा माशाच्या गालफडात बोट घालून तो उघडून दाखवला. "बिचारं. बघा, ताजा फडफडीत हाय. यो खावा नि लिवा."

मग तिनं पाणी मागितलं. आनंदीबाईंनी भिंतीतल्या खुंटीवर उपडा घातलेला जर्मनचा पेला काढून तिच्यापुढे पायरीवर ठेवला, आणि वरून, वीतभर अंतर राखून, तांब्यानं पाणी ओतलं. नीराबाईनं पेला रिकामा केला, स्वतःच विसळला, स्वतःच खुंटीवर उपडा घातला. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

अण्णा त्या पेल्याकडे बघत राहिले, आणि तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

*

पाच पिंपं

कारण छावणीतही पेले नव्हते काय? रजिस्टर भरून गेल्यावर पंधरा दिवसांत रसदीच्या हवालदारानं पाण्याची पिंपं वेगवेगळी केली. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता. पण रजिस्टरात गट दिसले, आणि ज्या फौजेत प्रत्येक जातीचं पाणी आणि चूल वेगळी तिथे कोण कशाला जोखीम घेईल? त्यानं पिंपांवर पांढऱ्या रंगानं नावं घातली. जाफ. हमावंद. नागवी. तलाई. दिवगरी. उरलेल्यांनी जिथे मिळेल तिथे प्यावं.

तोवर ही माणसं एका परातीत जेवत होती. पहिल्या दिवशी ते पिंपांभोवती उभे राहून हसले. दुसऱ्या दिवशी हवालदारानं चुकीच्या पिंपाशी गेलेल्याच्या हातावर छडी मारली. महिन्यानं ती माणसं आपापल्या पिंपाशी न सांगता जाऊ लागली. मे महिन्यात पाणी कमी पडलं, नागवींच्या पिंपात होतं आणि तलाईंच्या नव्हतं, तेव्हा पहिली मारामारी झाली. एकाच गल्लीत वाढलेल्या दोघांनी एकमेकांचे दात पाडले. अण्णांनी स्वतः कानांनी ऐकलं, त्यातला एक ओरडत होता : "तलाई! तलाई!" शिवी दिल्यासारखं.

जुलैत कोठारातून तुपाचे दोन डबे गेले. कोठार मधल्या ओळीच्या मागे होतं. कुणाला विचारलं नाही, कुणाची झडती नाही. चौदाच्या चौदा तलाईंना काढलं, आणि बाकीच्या छावण्यांना तारेनं कळवलं की या जमातीचा माणूस घेऊ नये. तार अण्णांनीच लिहिली.

लतीफ तंबूत आला. अण्णा रजिस्टर उघडून चौदा नावांवर, त्यात लतीफचंही, लाल शाईनं काट मारत होते.

"बाबूजी, तलाई म्हणजे काय?"

माझ्या बायकोचं माहेर. तळं. तिथे एक किल्ला आहे, डोंगर आहे, माझी सासू तिथे नाचणीच्या भाकऱ्या करते. इतकं सांगता आलं असतं.

"रजिस्टरात आहे," अण्णा म्हणाले.

लतीफ टेबलापर्यंत आला, वाकला, जणू काही वाचणारच, आणि पाचव्या रकान्यावर थुंकला. घट्ट, पिवळी, तंबाखूची थुंकी. मग तो गेला.

आणि अण्णांनी काय केलं? टीपकागद घेतला. थुंकी अलगद टिपली, न घासता, कडेकडेनं, अक्षर फिसकटू नये म्हणून. अक्षर फिसकटलं नाही.

*

मुंबईला नोंद गेली. सहाशेऐवजी चारशे शब्दांची. तिच्यात जाफ होते, हमावंद होते, कुरमांजी आणि सोरानी बोली होत्या, दक्षिणेकडचे फैली होते, आणि एक वाक्य होतं की कुर्द माणूस आपलं कोणतं नाव सांगेल ते विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. ती तीन नावं नव्हती. सोबत पत्र होतं, तीन पानी, सगळं कबूल केलेलं. ते पाकिटात घालण्याआधी अण्णांनी आनंदीबाईंना वाचून दाखवलं.

आनंदीबाई म्हणाल्या, "माझ्या माहेराला चोर केलंत?"

"माहेराला नाही. माणसांना केलं."

"नाव माझ्या माहेराचंच ना? बरं, ते असू दे. हे पत्र गेलं की तुमचं नाव कापतील ते. सत्कार गेला."

"कापू दे."

"आणि मी लोकांना काय सांगू?"

"नवरा नालायक निघाला म्हणून सांग."

"ते सांगायला मला मुंबईचं पत्र कशाला हवं?" असं म्हणून त्या आत गेल्या. पण पाकिटाला खळ त्यांनीच लावून दिली.

*

उत्तर आलं नाही. संपादक आले. जानेवारीत, रेवसची लाँच, तिथून एसटी. दिनानाथ वैद्य : ठेंगणे, गोरे, अतिशय नम्र. काखेत छापण्याआधीच्या गॅली-प्रुफांची चळत. पान उलटताना ते अंगठा जिभेवर दाबून ओला करत, पुरता, बुडापर्यंत, आणि कागदावर त्याचा डाग पडे. अण्णांना त्या अंगठ्यावरून नजर काढता येईना.

"गुरुजी, पत्र वाचलं. डोळ्यांत पाणी आलं हो. किती प्रामाणिकपणा!"

"म्हणजे नावं काढलीत?"

"नावं कशी काढणार? आधार आहे ना."

"कसला आधार? तो मीच आहे!"

"तुम्ही म्हणजे आठवण. आठवण हा आधार नव्हे, गुरुजी. छापील तो आधार." अंगठा जिभेवर गेला. "हे बघा, मेजरसाहेबांची पुस्तिका. त्यावरून हा फ्रेंच कोश. त्यावरून हा जर्मन विद्वान, यानं तर नागवींच्या मूळस्थानावर निबंधच लिहिलाय, चाळीस पानांचा."

"त्याला कुणी नागवी भेटला?"

"नाही भेटला. विखुरले गेले असावेत, असं त्याचं मत आहे."

अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला हसणं म्हणता आलं नसतं. "अहो दिनानाथराव, नागवी इथे आहे. तुमच्यासमोर बसलाय. हे नागाव. ही विहीर, हा रहाट. मी घरच्या आठवणीनं लिहिलं ते."

"शक्य आहे. नाकारत नाही मी. पण तीन भाषांतल्या तीन ग्रंथांत जे आहे ते आमच्याच ग्रंथात नसलं तर टीकाकार काय म्हणतील? मराठी माणसाला कुर्दांच्या पोटशाखासुद्धा पुऱ्या माहीत नाहीत." ते जवळ सरकले. "एक करतो. तुमच्यासाठी. चोरीचं वाक्य काढतो. तसंही ते असभ्यच आहे."

"मग माझं नाव काढा."

"ते कसं काढू? कुर्द पाहिलेला दुसरा मराठी माणूस आणू कुठून?"

आनंदीबाईंनी पानं घेतली होती. वैद्यांनी सुरमईच्या तीन तुकड्या खाल्ल्या, काटे एकेक चोखून ताटाच्या कडेला ओळीत मांडले, मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. अण्णा उठून मागीलदारी गेले, माडाच्या बुंध्याशी वाकले आणि सकाळचा चहासुद्धा बाहेर आला. आतून आवाज आला, "गुरुजींची तब्येत नाजूक दिसते हो, वहिनी."

*

खंड १९६५ च्या जूनमध्ये आला. पान दोनशे अठरा. "जाफ, हमावंद, झंगना, दाऊदी, नागवी, तलाई, दिवगरी इ. पोटशाखा प्रमुख होत." नोंदीखाली : चौलकर, ह.

सत्काराला अण्णा गेले नाहीत. वाचनालयानं शाल घरी पाठवली. आनंदीबाईंनी ती पिशवीसकट माळ्यावर टाकली आणि वर्षभर तिचं नाव काढलं नाही.

अण्णांनी पेन घेतलं. नागावच्या शाळेतल्या प्रतीपासून सुरुवात केली. तीन नावं सरळ रेघेनं खोडली आणि समासात लिहिलं : "ही नावे १९४२ साली मी बनवली. खोटी आहेत. ह. चौलकर." मग अलिबाग. मग होडीनं खाडी ओलांडून मुरुड, श्रीवर्धन. कुठे चोरून नाही. वाचनालयात जायचं, खंड मागायचा, टेबलावर बसून सगळ्यांदेखत लिहायचं. लोकांना वाटे गुरुजी सही देतायत. श्रीवर्धनला एकानं तर पाणी आणून दिलं.

तळ्याला मात्र ग्रंथपाल कोंडाजी पोटले शेजारीच येऊन बसला. हसतमुख माणूस. "चौलकर गुरुजी? अहो, तुम्ही तर आमचे जावई! वाचली मी तुमची नोंद. तलाई वाचून म्हटलं, आयला, आपलं तळं कुर्दस्तानात पोचलं की काय!"

"पोचलंय," अण्णा म्हणाले. "मीच पोचवलं."

कोंडाजी खदखदून हसला. हसता हसता त्याची नजर कागदावर गेली. रेघ ओढून झाली होती.

"अहो, अहो, हे काय करताय? सरकारी अनुदानाचं पुस्तक आहे!"

"खोटं आहे ते."

"छापलंय की!"

"म्हणूनच."

"आणि खोटं असलं तरी आमच्या गावाचं नाव आहे त्यात," कोंडाजीनं खंड ओढला. अण्णांनी सोडला नाही. दोन म्हातारी माणसं एका पुस्तकाला धरून टेबलाच्या दोन बाजूंना उभी, आणि पान दोनशे अठरा मधोमध टरकलं. वर्तमानपत्र वाचत बसलेले चारजण उठून बघू लागले. कोंडाजीनं फाटकं पान उचललं. नावांचा अर्धा भाग त्याच्या हातात आला, समासातला मजकूर अण्णांच्या.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आता खरोखरची किळस होती, पाटावर विष्ठा पाहिल्यासारखी. "शिकलेला माणूस ना तुम्ही?"

आठ दिवसांत जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांना पत्र गेलं : सदर गृहस्थांस ग्रंथ हाताळू देऊ नये. कोंडाजीनं ते छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आणि एक प्रत माहितीसाठी अण्णांनाही पाठवली होती. कागदावर उभे रकाने आखलेले होते. नाव, गाव, वय, आणि चौथा, कशासाठी. त्यात लिहिलं होतं : "पुस्तके नासवणारा."

अण्णांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदाच त्यांच्या नावापुढचा रकाना कुणीतरी बरोबर भरला होता.

आनंदीबाईंनी विचारलं, "आता तरी थांबणार ना?"

"मुंबईत किती वाचनालयं असतील?" अण्णांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? पुष्कळ असतील."

"तिथे अजून पत्र गेलेलं नाही."

सकाळी त्यांनी धोतर नेसलं, पेनात शाई भरली, आणि रेवसच्या एसटीला उभे राहिले.

लतीफच्या गावात एकोणीस घरं होती, आणि एकालाही कुलूप नव्हतं.